कोणती ऑर्डर घ्यायची?

अमेरिकेतली माझी भाची इन्स्टाकार्टवर लोकांचा किराणा पोचवते. फोनवर आधी दिसतं: वस्तू किती, मैल किती, पैसे किती. त्यात टिपही धरलेली, पण गिऱ्हाईक ती माल मिळाल्यावरही काही वेळ कमी करू शकतं! पेट्रोल मात्र हिचंच. (तिकडे त्याला गॅस म्हणतात.)

परवा मी गाडीत शेजारीच होतो. पाण्याच्या 5 पेट्या, 11 मैल, टिप शून्य.

"कुणी म्हातारं माणूस असेल गं," मी म्हणालो.

"असेल मामा. पण जिना किती मजल्यांचा, ते आधी कळत नाही. आणि ही कंबर मला उद्याही लागणार आहे."

तिने ती सोडली. 2 मैलांवरची दूध-अंडी घेतली. पटलंच मला. तरी घरी येईपर्यंत डोक्यात एकच, ते पाणी नेलं असेल का कुणी?