एकतीस मे

महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं आणि विषय मिटवला. सरकारी नियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांत शाल-श्रीफळाची झुंबड उडते. राज्य सरकारात बहुतेकांना हा दिवस ५८व्या वर्षी गाठतो, केंद्रात ६०व्या. परवापर्यंत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, त्याला आज सहीसाठी कुणी विचारत नाही.

आमच्या भाईंदरला या तारखेचं दुसरंही एक गणित आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेर उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून घेतात. त्या दिवसांत तिथल्या चौक गावाच्या बाजूला चक्कर टाकली तर सावलीला बसलेले म्हातारे दिसतात. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली, हातातली सुई भराभर चाललेली, नजर मात्र रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर. त्यातल्या एकाला विचारलं, समुद्र कधी सोडलात? तो म्हणाला, "सोडला कुठं? पोरगा नेत नाय आता." होडीवरून उतरला तो जाळ्यावर बसला. वाऱ्याचं, पाण्याचं अजून त्यालाच विचारतात. निरोपसमारंभ काही झाला नाही. त्याच्या पिढीतल्या बायका तर अजून टोपली घेऊन बाजारात बसतातच.

हे फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्या म्हाताऱ्याला पेन्शनही नाही. हात थांबला की मिळकत थांबली. खासगी नोकरीवाल्याचंही फारसं वेगळं नाही. ५८ला कर्मचारी पेन्शन योजनेचं (ईपीएस) पेन्शन सुरू होतं, त्याची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. मीरा रोडला तेवढ्यात सोसायटीचा मेन्टेनन्सही भागत नाही. पेन्शन ६०पर्यंत पुढे ढकललं तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, पण तोवर खायचं काय? सोसायट्यांच्या फाटकावर साठी उलटलेले वॉचमन उगाच रात्र काढत नाहीत. 'काम करू की थांबू' हा प्रश्न पडणं हीच मुळात एक चैन आहे.

ती चैन परवडणाऱ्यांबद्दल मात्र माझं एक मत आहे. आपण कामाला कंटाळलो, असं भाईंदरकराला वाटतं तेव्हा बहुतेकदा तो गाडीला कंटाळलेला असतो. चर्चगेटपर्यंत चाळीसेक किलोमीटर, विरार गाडीत पाय ठेवायला जागा नाही, भाईंदर लोकल पकडायची तर घरून आधी निघा, आणि एवढं करून चौथी सीट. अठ्ठाविशीत अंगवळणी पडलेलं हे अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यात उतरतं. उलटही खरं आहे. 'कामाशिवाय मी जगूच शकत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांना ऑफिसची नव्हे, डब्यातल्या ग्रुपची आठवण येत असते.

म्हणून निवृत्त झालेले शहाणे लोक दादर-चर्चगेटचं नाव काढत नाहीत. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत हिशेब बघायला विश्वासाचा माणूस लागतो. कुणी दहावीच्या मुलांना गणित शिकवतं. पगार कमी असतो, पण जेवायला दुपारी घरी येता येतं. आता हे दुपारचं येणं घरच्या बाईला कितपत मानवतं, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तिच्या कामाला तर ३१ मे कधी येतच नाही.

माझी जन्मतारीखही गुरुजींनीच ठरवलेली. कंत्राटावर पुढे याल का, अशी ऑफिसातून विचारणा झाली आहे. आठवड्यातून तीन दिवस, तेही अकरानंतर येईन, असं मी कळवलं. साहेब म्हणाले, वर विचारून सांगतो. अजून उत्तर आलेलं नाही, आणि रेल्वेचा पास मी या वेळी तिमाही न काढता एका महिन्याचाच काढला आहे.