जुन्या बाजारांतील एक सौदा

पुण्याचा जुना बाजार रविवारीं व बुधवारीं भरतो. आमचा रविवार उपासनेचा. म्हणून बुधवारीं शाळा सुटली कीं आम्ही मंगळवार पेठेची वाट धरतों. ज्यांना या नादाचें हसूं येतें त्यांनीं एकदां तेथें यावेंच. कांट्यांविना घड्याळें, किल्लीविना कुलुपें, पितळी अडकित्ते, कंदिलांचे सांगाडे, कुणा अनोळखी कुटुंबाचा फुटक्या कांचेचा फोटो, अशी संपत्ति गोणपाटावर मांडलेली असते. किल्ल्यांचे तर ढीगच! शाळेच्या एका कपाटाची किल्ली हरवली तेव्हां तिची जुळी बहीण आम्हांस अशाच एका ढिगांत सांपडली होती. (हें हेडमास्तरांच्या कानीं न गेलें तर बरें.)

जुनीं नाणीं आमच्या विशेष आवडीचीं. 'श्री राजा शिव' हीं अक्षरें झिजत आलेली शिवराई किंवा १९४३ सालचा भोकाचा पैसा हातीं आला, कीं वडिलांच्या तोंडून ऐकलेला, रुपयास ६४ पैशांचा तो काळ डोळ्यांपुढें उभा राहतो. तो हिशेब १९५७ सालीं संपला. मात्र येथें सोंगेंही पुष्कळ. गतवर्षीं सातवींतल्या एका मुलानें मोठ्या अभिमानानें तांब्याचें एक नाणें वर्गांत आणलें. एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व मारुति. दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव व १८१८ हा सन. कंपनीनें असलें नाणें कधींच पाडलें नव्हतें. बिचाऱ्यानें खाऊचे २०० रुपये त्यावर घालविले होते! गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर पोट भरणें ही चोरीच होय, असें आम्हीं त्या दिवशीं फळ्यापुढें उभे राहून तावातावानें सांगितलें.

त्यानंतर दोनच आठवड्यांनीं एका म्हातारीच्या रद्दीखालीं आम्हांस एक जाडजूड, पुठ्ठा सुटलेला ग्रंथ दिसला. उघडून पाहतों तों मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश! पहिली आवृत्ति १८३१ ची. ही दुसरी, १८५७ ची. कॉलेजांत असतां आम्हीं याचें १९७५ सालचें पुनर्मुद्रण तेवढें हाताळलें होतें. छाती धडधडूं लागली, पण चेहरा आम्हीं अगदीं कोरा ठेविला.

"आजी, या रद्दीचें काय घ्याल?"

म्हातारीनें ग्रंथ तागडींत घातला. "शंभर द्या, दादा."

आणि, लिहितांना लाज वाटते, आम्हीं घासाघीस करून तो ८० रुपयांस घेतला.

घरीं मंडळींनीं किंमत विचारली. आम्हीं सांगितली. "ही तुम्ही दिलेली. खरी किती?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं कोशाची धूळ झटकीत राहिलों.

पुढच्या बुधवारीं पाकिटांत १००० रुपये घालून गेलों. म्हातारीच्या जागीं एक तरुण जुने मोबाईल मांडून बसला होता. "गांवाकडे गेली असेल," एवढेंच तो म्हणाला. त्यानंतर तीन बुधवार गेले.

कोश आमच्या टेबलावर आहे. त्यांत खुणेऐवजीं तें पाकीट ठेविलें आहे. बुधवारीं तें काढून खिशांत घालतों. नाण्याच्या त्या मुलास आम्हीं यांतलें अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. हा अंक त्याच्याही हातीं पडेल.