दर महिन्याला

समन्स यायच्या आधी भाडेकरू घरी आला. "सर, पाहिलं तेवढंच सांगा, जास्त काही नको," म्हणाला. मी हो म्हणून बसलो.

हिमायतनगरातला एक लहानसा गाळा. मालक म्हणतो, भाडं थकलं. भाडेकरू म्हणतो, रोख दिलं. पावती नाही, करार नाही. वडिलांच्या पिढीत शब्द झाला होता, एवढंच. इथं मराठवाड्यात २००० सालापर्यंत हैदराबादचा १९५४चा भाडेकायदा चालायचा, मग महाराष्ट्राचा १९९९चा आला. त्यात पावती देणं मालकाला सक्तीचं, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं धरतात. कायदा बदलला, पण गाळा तोंडी शब्दावरच राहिला.

सरतपासणी आता प्रतिज्ञापत्रावरच होते. वकिलांकडून टाईप होऊन आलेल्या कागदात वाक्य होतं : 'मी दर महिन्याला भाडे देताना पाहिले आहे.' मी पाहिलं होतं दोनदा. पेन काढून 'दर महिन्याला'वर रेघ मारली आणि वर 'दोन वेळा' लिहिलं. भाडेकरूच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्याला काय म्हणायचं? माणूस खोटं बोलत नव्हता, हे मलाही माहीत होतं.

उलटतपासणीत मालकाच्या वकिलांनी तारीख विचारली.

"परमेश्वराची यात्रा होती."

"तारीख सांगा."

महाशिवरात्रीची ही यात्रा म्हणजे आमच्याकडे तारीखच की! पण कोर्टाच्या कागदात ती बसेना. रक्कम विचारली. मालकानं अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, ते डोळ्यांसमोर होतं. किती होत्या ते नाही. मग शेवटचा प्रश्न आला : "ते पैसे भाड्याचेच होते, उसने परत केलेले नव्हते, हे कशावरून?"

मी मालकाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला पुरेशी होती, पण ती काही साक्षीत लिहिता येत नाही.

"मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. तेच टाईप झालं, खाली माझी सही झाली.

बाहेर दोघंही माझ्याशी बोलले नाहीत. आता तिघंही एकाच गल्लीतून जातो-येतो. निकाल लागायचा आहे.