आमची कोठेही शाखा नाही

पुण्यामुंबईच्या जुन्या उपाहारगृहांतून व मिठाईच्या दुकानांतून ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी ज्याने वाचली नाही असा मराठी माणूस विरळा. इतर व्यापारी आपल्या शाखांची यादी मोठ्या हौसेने छापतात; आमचा मराठी उपाहारगृहवाला शाखा नसल्याचा अभिमान मिरवतो. पाटीचा भावार्थ असा की, येथे जे मिळते ते याच चुलीवर, याच हातांनी केलेले आहे. परंतु अलीकडे एक निराळाच चमत्कार दृष्टीस पडतो. पुण्याच्या, ठाण्याच्या, नागपूरच्या नव्या वसाहतींत एकाच नावाची तीन-तीन, चार-चार उपाहारगृहे निघतात आणि ती सर्व ‘जुनी चव’ विकतात. भिंतीवर सूप आणि कंदील टांगलेला, कोपऱ्यात जाते मांडलेले, पितळी ताटात थालीपीठ व लोण्याचा गोळा. रविवारी सकाळी दाराशी नावे नोंदवून मंडळी तासतासभर तिष्ठत उभी असतात. ज्या घरांत थालीपिठाची भाजणी डब्यात भरलेली असते, त्या घरांतील माणसेही त्या रांगेत आढळतात. हे आकर्षण नेमके कशाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ज्या गावी सापडले ते गाव शहराचे उपनगर तर नव्हेच, उलट उपनगरांपासून फार दूर आहे. त्याचे नाव मारेगाव.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण. ज्याला आज आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो तो १९०५ पर्यंत शेजारच्या वणीच्या नावाने ओळखला जात असे. त्या वणीवरून रेल्वे जाते, मारेगावला ती नाही. तेव्हा येथे येणे-जाणे सारे सडकेने. नागपुराहून निघावे, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर अशी गावे मागे टाकीत दक्षिणेकडे यावे, वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. हा रस्ता म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा, पूर्वीचा ७ क्रमांकाचा व आताचा ४४ क्रमांकाचा महामार्ग. करंजीला तो सोडून वणीच्या दिशेने वळावे. दोहो बाजूंस काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन; मधूनच सागाचे विरळ रान आणि गोंड-कोलामांच्या लहान वस्त्या. पुढे वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी, म्हणून रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ. अशा ह्या वाटेवर मारेगाव वसले आहे.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात, आणि ह्या वाटेवर ती बदलतेही. परंतु न्याहारी बदलत नाही! हिंगणघाटला थांबा, करंजीच्या फाट्यावर थांबा, मारेगावात उतरा. सकाळच्या वेळी एकच देखावा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली पोह्यांची परात, वाफेने मऊ राहिलेले पिवळेधमक पोहे, शेजारी मोठ्या गंजात लाल तर्री आणि तिच्या तळाशी शिजलेले काळे हरभरे. बशीत पोहे घ्यावयाचे, त्यावर तर्रीची पळी रिती करावयाची, वर कांदा व सांबार. (विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आमच्या कोकणपुण्याकडील वाचकांनी ध्यानात ठेवावे, नाहीतर भलतीच घोटाळ्याची गोष्ट व्हावयाची.) पोहे नको असतील तर आलूबोंडा, तो कुस्करून त्यावर कोठे रस्सा, तर कोठे कढी. ह्या सगळ्या हॉटेलांचा मालक एक नाही, नाव एक नाही, कित्येकांना तर नावही नाही. तरीही ज्याने एका ठिकाणी खाल्ले त्याने सर्व ठिकाणी खाल्ले.

मारेगावच्या अशाच एका टिनाच्या छपराखाली आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी तहसील कचेरीत कामासाठी आलेले दोन शेतकरी, एक शाळामास्तर, वणीकडे निघालेला मालमोटारीचा चालक आणि एस. टी.ची वाट पाहणारी एक लेकुरवाळी बाई, अशी पंगत. तर्री खरोखर उत्तम होती. हॉटेलवाल्यास विचारले, “भाऊ, हा रस्सा कोणाकडून शिकलात?” त्याला प्रश्नाचेच नवल वाटले. “शिकाचं काय हाय त्यात जी? इकडे सगळे असंच करतेत. येगळं केलं त गिऱ्हाईक म्हणन, आज काय बिघडलं बापा?”

ह्या उत्तरात सारे मर्म आहे. मोठ्या शहरांतील शाखावाले हीच एकरूपता राखण्यासाठी मोजमापाचे तक्ते करतात, मसाले एका ठिकाणी दळून सर्व शाखांना पाठवितात, आचाऱ्यांना शिकवणी देतात. मारेगावच्या वाटेवर ते काम रूढी करते. त्यामागे व्यवहारही आहे. पोहे, बेसन, हरभरा, बटाटा हे जिन्नस स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही किराणा दुकानात मिळणारे. एक कढई, एक परात, दोन गंज एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहतो. रस्सा असा पदार्थ की, गिऱ्हाईक वाढले तर तो वाढविता येतो. कापूस घरी आला, त्याला बरा भाव मिळाला, की बाकावर दाटी. भाव पडला की तोच शेतकरी एका बशीत दोघांची सोय करतो आणि ‘जरा तर्री टाक’ म्हणून पुन्हा पळी मागून घेतो. ती दुसरी पळी फुकट असते. शेतकऱ्याच्या पडत्या काळात ती नाकारू नये, एवढे शिष्टाचाराचे ज्ञान ह्या बिनपाटीच्या हॉटेलांना आहे.

आता थोडे मागे वळून पाहू. आपल्यासारख्या घरांचे आणि बाहेरच्या खाण्याचे नाते सरळ कधीच नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक व रानडे यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्य झाले, चौकशी बसली आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने गाजला. एका पेल्याने एवढे रामायण! पुढे मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाटीच्या वस्तीतून माणसे मोकळ्या हवेत न्यावीत म्हणून १८९८ साली सुधारणा मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याचा परिसर आखला गेला. मराठी मध्यमवर्गाचे ते पहिले खरे उपनगर. तेथे बिऱ्हाड करणाऱ्या कारकुनाची व मास्तराची आई कोकणात वा देशावर राहिलेली. घरात नवराबायको दोघेच, किंवा पुरुष एकटाच. अशा माणसांसाठी दादर स्टेशनासमोर १९१० साली काणे यांनी उपाहारगृह काढले. त्याचे नाव लक्षात घेण्याजोगे आहे: ‘स्वच्छ उपाहारगृह’. चविष्ट नव्हे, स्वस्त नव्हे, तर ‘स्वच्छ’! वीस वर्षांपूर्वी ज्या समाजात बाहेरच्या चहावरून ग्रामण्य झाले, त्या समाजाला त्या एका शब्दाने अभय दिले. बाहेरचे असले तरी घरच्यासारखे आहे, निःशंकपणे बसा, असे ती पाटी सांगत होती.

तीच गोष्ट पुढे अनेकांनी आपापल्या परीने केली. मूकपटांच्या काळातील निर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली पुण्यात ‘पूना गेस्ट हाऊस’ काढले. माटुंग्यात १९४२ साली ए. रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले आणि दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांना केळीच्या पानावर त्यांचे घर वाढले. कॉफी हाउसांचे उदाहरण तर शाखांच्या दृष्टीने फारच बोधप्रद आहे. १९३६ साली मुंबईत पहिले कॉफी हाउस निघाले, देशभर त्याचा विस्तार झाला. पुढे सरकारी मंडळाने ती बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालविली. आजही तेथे तुरेवाला फेटा बांधलेला वाढपी कॉफी आणून देतो आणि माणसे त्या फेट्यासाठीसुद्धा जातात.

ह्या सर्वांत विकली जाणारी मुख्य वस्तू एकच: ‘येथे काही बदललेले नाही’ हे आश्वासन. उपनगरातील माणसाचे घर बदललेले असते, शेजार बदललेला असतो, मुलांची भाषाही बदलत चाललेली असते. अशा माणसाला महिन्यातून एकदा तरी न बदललेली एक बशी हवी असते. मारेगावचा प्रवासी हे आश्वासन दहा पावलांवर मिळवितो, पुण्याचा गृहस्थ त्यासाठी रांग लावतो. एवढाच काय तो फरक.

परंतु कोणी म्हणेल, ही चव घरातच का टिकवू नये? हॉटेलात जाऊन ‘आजीच्या हातचे’ विकत घ्यावे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय? आमचेही मत पुष्कळ दिवस ह्याच बाजूला झुकलेले होते. ते ढळले ते मारेगावीच.

तेथे आमच्या नात्यातील एक वृद्ध आत्याबाई राहतात. एके काळी त्या वाड्यात दोन्ही वेळा चौदा-पंधरा पाने होत. आता दोन होतात. त्यांच्या हातचा वडाभात साऱ्या गोतावळ्यात नावाजलेला. मिश्र डाळी भिजवून जाडसर वाटावयाच्या, त्यांचे वडे तळून वाफाळत्या भातावर कुस्करावयाचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची चरचरीत फोडणी. सोबत कढी किंवा चिंचेचे सार. बेसनाचे गोळे भातातच शिजविलेला गोळाभात, पाटवड्यांचा रस्सा, हेही त्याच घराण्यातील पदार्थ. रस्त्यावरच्या हॉटेलात हे मिळत नाहीत, कारण त्यांना वेळ लागतो, आणि बसमधून उतरलेल्या माणसापाशी तो नसतो. घरात मात्र वेळ असे. म्हणजे घरातील बायकांचा वेळ असे.

आम्ही बोलता बोलता त्या शहरी हॉटेलांची थट्टा केली. आत्याबाई हसल्या आणि म्हणाल्या, “अरे, वडाभात गरमच खायचा असतो, हे मी चाळीस वर्षे सगळ्यांना सांगत आले. पण मी स्वतः तो गरम कधी खाल्ला होता? आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग आम्ही. तोवर भाताचे गोळे व्हायचे. मागे नातवाने मला नागपूरला एका हॉटेलात नेले. तिथल्या मुलाने ताट आणून माझ्यापुढे ठेवले, वर वाफ येत होती. मी आधी इकडेतिकडे पाहिले, कोणी जेवायचे राहिले आहे का म्हणून.”

आम्ही विचारले, “चव कशी होती, आत्या?”

“हिंग कमी होता,” त्या म्हणाल्या. “पण गरम होता.”

ह्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. एकत्र कुटुंबाच्या ज्या चवीचे आपण एवढे गोडवे गातो, तिचे मोल कोणी दिले, हा प्रश्न ताटावर बसणाऱ्याने क्वचितच विचारला. तोच स्वयंपाक घराबाहेर केला की त्याला दाम मिळतो, हे मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांनी दाखवून दिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांच्या कष्टांना पत मिळवून दिली. तेव्हा जुन्या चवीची उपाहारगृहे घर मोडतात, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक घरांतील गृहिणीला आयते, गरम आणि सर्वांच्या बरोबरीने बसून खाण्याचे सुख प्रथम त्यांनीच दिले आहे.

तरीही एक काळजी उरतेच. हॉटेल तेच पदार्थ ठेवील जे खपतात. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, मिसळ यांना आश्रय मिळाला. वडाभाताला थोडाबहुत मिळू लागला आहे. पण गोळाभाताचे काय? ज्याला घरात वेळ उरला नाही आणि बाजारात गिऱ्हाईक नाही, असा पदार्थ कोणाच्याही नकळत नाहीसा होतो. त्यावर उपाय सुनेला पुन्हा चुलीपुढे बसविणे हा नव्हे. ज्यांनी ते पदार्थ आजवर वाढून घेतले, त्या मुलांनी, नातवांनी व जावयांनी ते शिकावेत, हा आहे. आत्याबाईंचा नातू आता सुटीत आला की वडे तोच तळतो. पहिले ताट आजीचे, असा त्याने नियम केला आहे. वडे अजून थोडे तेलकट होतात, पण हिंग भरपूर असतो.

असो. वणीकडे जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी मारेगावास सकाळी दहाच्या आत पोहोचावे, कारण तर्रीचे हरभरे तोवरच शिल्लक असतात. पाटी शोधण्याच्या फंदात पडू नये. जेथे वाफ दिसेल आणि बाकावर जागा मिळेल तेथे बसावे. तिखट सोसत नसेल तर आधी सांगावे. सोबत घरची वडीलधारी बाई असेल, तर पहिली बशी तिच्यापुढे ठेवावी आणि ती खाऊ लागेपर्यंत आपण थांबावे.