वेगाची खरेदी

श्रीमंत मनुष्य सायकलीच्या दुकानांत शिरला म्हणजे सर्वांत हलकी सायकल कोणती तें विचारतो व पैसे मोजून मोकळा होतो. बेताच्या पैशांत वेगवान रोडबाईक घेऊं पाहणाऱ्यास ही सोय नाहीं. आपला जोर मुळीं कोठें खर्च होतो, याचा विचार त्याला करावाच लागतो. आम्हीं ६०,००० रुपयांची मर्यादा घालून घेऊन हा विचार दोन महिने केला.

दुकानदार प्रथम कार्बनची सायकल एका बोटानें उचलून दाखवितो. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीहून ती दोन किलोंनीं हलकी आहे असें धरूं. आमचें व सायकलीचें मिळून वजन ८२ किलो. म्हणजे सूट मिळाली शेंकडा अडीचहून कमी. सिंहगडाच्या चढाला आम्हांस एक तास लागत असेल, तर वांचेल दीड मिनिट. आणि त्या दीड मिनिटासाठीं दुप्पट पैसे! (दोन किलो पोटावरूनच कां उतरवीत नाहीं, असा फुकटचा उपाय घरांतून सुचविण्यांत आला आहे. तो विचाराधीन आहे.)

सपाट रस्त्यावर तर खरा शत्रु वारा. त्याच्याशीं झगडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं २५ किलोमीटरांवरून ३० वर जावयाचें, तर वाऱ्यासाठीं सुमारें पाऊणपट अधिक जोर हवा. आणि हा वारा बहुतेक अडतो तो सायकलीला नव्हे, वर बसलेल्या देहाला. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनें १९९३ सालीं नॉर्वेंतील हामार येथें एका तासांत ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडून जागतिक विक्रम केला, तो स्वतः बनविलेल्या सायकलीवर. कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग तिच्यांत बसविलेले होते! हात छातीखालीं दुमडून अंग लहान करण्याची बैठक, हीच त्याची दौलत. १९९४ सालीं ती बैठक शर्यतींतून बाद करण्यांत आली, ही गोष्ट निराळी.

पन्नाशी उलटलेल्या पाठीला तसली बैठक साधणें नाहीं. पण खरेदीचा क्रम तेवढ्यानें ठरतो. पहिलें फ्रेमचें माप. हँडल दूर पडलें कीं अर्ध्या तासांत पाठ दुखून सरळ होते, आणि वाऱ्यापुढें पुन्हां भिंत उभी राहते. मग कार्बन बिचारा काय करणार? त्यानंतर टायर. २८ मिलिमीटर रुंदीचा मऊ टायर बसेल एवढी जागा हवीच; आपल्या खडबडीत डांबरावर तो जरा कमी हवेंतही सुखानें पळतो. मागें आठ चक्रें असलीं तरी पुरे. मात्र सर्वांत मोठें चक्र ३२ दात्यांचें असावें, चढावर गुडघे दुवा देतील. जुनी कार्बनची सायकल स्वस्तांत मिळत होती. पण पडून आंतून तडकलेली फ्रेम वरच्या रंगाखालीं धडधाकट दिसते, म्हणून आम्ही तिच्या वाटेस गेलों नाहीं.

हेल्मेट, पंप व दिवे यांसाठीं ६,००० बाजूला काढले. आमचें मन बसलें होतें निळ्या रंगावर. त्या रंगांत आमच्या मापाची फ्रेम नव्हती. होती ती पिवळी. पिवळीच घरीं आणली.