थाप वटली

आम्ही बी.कॉम. माणसं. डेबिट-क्रेडिटपलीकडचं काही कोणी विचारलं, की जिभेवर येईल ती थाप ठोकून द्यायची, हा माझा जुना शिरस्ता. त्यामुळे घरात माझ्या ज्ञानाला आता कोणी तारण म्हणूनसुद्धा ठेवून घेत नाही.

आमच्या ब्रँचचे हेडकॅशियर वसईचे. त्यांच्या लेकीच्या लग्नाला आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. दारातच एका तरुणानं सांगितलं, "नेव्हमध्ये उजवीकडे बसा."

"अहो, नेव्ह म्हणजे काय?" हिनं विचारलं.

"अगं, नाव! होडी!" मी बिनदिक्कत म्हणालो.

"बाबा, निदान चर्चमध्ये तरी!" म्हणत मुलीनं मोबाइल काढला. पाहते तो काय, माझी थाप चक्क वटली होती! दारापासून वेदीकडच्या भागापर्यंतचं, भाविकांनी बसायचं मधलं दालन म्हणजे नेव्ह. शब्द आला लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाज. नेव्ही, नॅव्हिगेशन त्याच घरचे. संस्कृत 'नौ' आणि आपली 'नाव' चुलतघरची. जर्मन लोक तर या दालनाला 'शिफ', म्हणजे सरळ जहाजच म्हणतात. भक्तांना पैलतीरी नेणारं जहाज म्हणजे चर्च, ही ख्रिस्ती धर्मातली फार जुनी कल्पना. गंमत म्हणजे चाकाच्या तुंब्यालाही इंग्रजीत 'नेव्ह'च म्हणतात. पण तो आपल्या 'नाभी'चा नातलग. थोडक्यात, नाव एक, खाती दोन!

हिनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी कॉलर ताठ करणार, तोच सगळे उभे राहिले.

हेडकॅशियर लेकीचा हात धरून त्या नावेतून चालत येत होते. उभ्या जन्मात नोटा मोजताना ज्यांचं बोट कधी अडखळलं नाही, त्या माणसाचा हात थरथरत होता.

आमच्या कन्येचं वैशाखात आहे. ती माझ्या कानाशी लागली, "बाबा, लग्नानंतरही मी आपलंच नाव लावणार हं."

मी मान डोलावली. ते नाव राहील गं. पण ती नाव वैशाखात किनारा सोडणारच.

ही तरी माझी थाप निघावी, असं फार वाटलं.