अब्बांचे रोजे आणि डॉक्टरांचा कागद

गेल्या रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर अब्बांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मगरिबला अजून तास होता. मशीनवर साखर ५८ आली. "एवढ्यासाठी रोजा तोडू?" अब्बा म्हणाले. अम्मीने ऐकले नाही, साखरेचे पाणी पाजले. पुढे ही गोष्ट आम्ही घरातच ठेवली. डॉक्टरांना कळले तर ते रोजे बंद करतील, ही भीती होती.

यंदा रजब महिन्यात आम्ही अब्बांना नेहमीच्या तपासणीला नेले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच विचारले, "गेल्या रमजानमध्ये साखर कधी उतरली होती का?" अब्बा गप्प. अम्मीने सगळे सांगून टाकले. डॉक्टर रागावले नाहीत. खणातून त्यांनी काही छापील पाने काढली. मधुमेह आणि रमजान यांविषयी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेल्या, २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना होत्या त्या. आजार किती वर्षांचा, औषधे कोणती, मूत्रपिंड कसे आहे, साखर पूर्वी उतरली होती का, अशा प्रत्येक उत्तराला गुण. बेरजेवरून धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरते. ही तपासणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी, असेही त्यात आहे.

नियम बघून औषध देणारा डॉक्टर माणसाकडे बघत नाही, असे आम्हाला वाटायचे. पण आम्ही वर्षभर लपवलेली गोष्ट त्या कागदातल्या एका प्रश्नानेच बाहेर आली.

डॉक्टरांनी समजावले, "मेटफॉर्मिनने सहसा साखर अशी एकदम खाली जात नाही. ग्लिमेपिराइडने जाऊ शकते. ती गोळी तुम्ही सहरीला घेतलीत आणि दिवसभर उपाशी राहिलात." रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडाचे काम मंदावले होते. बेरीज जास्त धोक्यात गेली.

"कागद म्हणतो, रोजे ठेवू नका. माझेही मत तेच," डॉक्टर म्हणाले. "पण नुसते नको म्हटले तर तुम्ही मला न सांगता ठेवाल. म्हणून पुढचेही ऐका. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडायचा. तपासायला बोट टोचल्याने रोजा तुटत नाही."

अब्बा मशिदीत इमामसाहेबांकडे गेले. आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे, ती घेण्यात लाज कसली, असे ते म्हणाले. घरी येऊन अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी अम्मीला फिदयाचे पैसे काढून ठेवायला सांगितले.

या रमजानमध्ये अब्बांनी रोजे ठेवले नाहीत. सहरीला मात्र आम्हा सगळ्यांना तेच उठवत होते.

आपल्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर रमजानचा चाँद दिसण्याची वाट पाहू नका. रजबमध्येच डॉक्टरांकडे जा आणि गेल्या वर्षी जे झाले ते खरे खरे सांगा.